चुकून गोडाचं 'क्रीम ऑफ कोकोनट' आणलं, साडेतीन डबे उरलेत, रोजच्या जेवणात कसं संपवू?

डोंबिवली_ते_डॅलस

नमस्कार मंडळी, हसायचं नाही हे आधीच सांगते.

शनिवारी चार जण जेवायला होते, सासूबाई पण सध्या भारतातून आल्यात, म्हणून कोळंबीचं कालवण करायचं ठरवलं. नारळ फोडून खवत बसायला वेळ नसतो म्हणून मी नेहमी डब्यातलं नारळाचं दूधच वापरते. यावेळी दुकानात ते संपलं होतं आणि भलत्याच रांगेत चार डब्यांचा पॅक सेलवर दिसला, वर नारळाचं चित्र, क्रीम पण लिहिलंय आणि कोकोनट पण लिहिलंय, म्हटलं अजून दाट असेल, घेऊन टाकू. घरी येऊन घाईघाईत डबा उघडला आणि अर्धा ओतला. ओतताना एकदा वाटलं होतं की हे जरा मिल्कमेडसारखं चमच्याला चिकटतंय, पण तेवढ्यात बेल वाजली. मग चव घेतली. आईशप्पथ. आधी मिरची लागते, मग लसूण लागतो आणि मग मागून केक येतो.

सासूबाईंनी दोन घास शांतपणे खाल्ले आणि म्हणाल्या, "खीर बरी झालीय गं, पण त्यात कोळंबी का घातलीस?"

असो. झाला तो पचका झाला. आता साडेतीन डबे घरात आहेत आणि बिल कुठे गेलं माहीत नाही त्यामुळे परत करता येत नाही. टाकून द्यायला जीव होत नाही. पण नवऱ्याचं एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी) ६.१ आलंय, डॉक्टरांनी गोड कमी करा सांगितलंय, त्यामुळे रोज बसून पुडिंगं करणं पण शक्य नाही. हे नक्की काय प्रकरण आहे, साध्या कोकोनट क्रीमपेक्षा वेगळं का, आणि घरच्या नेहमीच्या जेवणात थोडं थोडं करून कसं संपवता येईल? आणि ते उरलेलं कालवण अजून फ्रीजमध्ये आहे, त्याचं काही होईल का?

कढीपत्ता_जर्सीवाला

हसू नका म्हणालात पण कोळंबीची खीर वाचून चहा सांडला.

तुम्ही एकट्या नाही. हा शब्दांचा खेळ भल्याभल्यांना फसवतो. कोकोनट क्रीम म्हणजे आपली नारळाची साय, जाड दूध, त्यात साखर नाही (तरी डबा बघून घ्यायचा). क्रीम ऑफ कोकोनट म्हणजे तीच साय भरपूर साखर घालून, डिंकासारखे घट्ट करणारे पदार्थ घालून केलेलं गोड सरबती प्रकरण. 'ऑफ' मध्ये आला की गोड, एवढं लक्षात ठेवा. इथे अमेरिकेत ते बहुतेक वेळा स्वयंपाकाच्या सामानात नसतंच, कॉकटेलची सरबतं ठेवतात त्या रांगेत असतं, तुमची ती 'भलतीच रांग' तीच असणार.

आता डबा पालथा करून लेबल बघा. माझ्याकडे आहे त्यावर दोन टेबलस्पून म्हणजे साधारण ३७ ग्रॅम, आणि त्यात २० ग्रॅम साखर. म्हणजे निम्म्याहून जास्त साखरच. तुमचा ४२५ ग्रॅमचा डबा धरला आणि अर्धा ओतला म्हणता तर कालवणात ११० ग्रॅमच्या वर साखर गेली, चहाच्या चमच्याने मोजली तर २७-२८ चमचे. सासूबाई बरोबर बोलल्या, ती खीरच होती.

माझा साधा नियम सांगतो. हा डबा नारळाच्या दुधाशेजारी ठेवूच नका, साखरेच्या डब्याशेजारी ठेवा. डोक्यात तो नारळ आहे तोवर हात सैल सुटतो. साखर आहे म्हटलं की आपोआप चमच्याने घेतो.

सुरंगी_मालवण

अगो बाय माझे, तुझ्या सासूबायचा खरा हा गो!

आधी कालवणाचं बघू. कोळंबी सगळी बाहेर काढ, रसात ठेवून परत परत उकळलीस तर रबर होतंय तिचं. मग नवा कांदा, लसूण, चांगला तिखट मसाला परत, चार-पाच आमसुलं, मीठ, आणि यावेळी बिनसाखरेचं नारळाचं दूध. त्यात त्या जुन्या रसाचे फक्त दोन डाव घाल, जास्त नको, आणि गॅस बंद करताना कोळंबी सोड. गोडाला आंबट मारतं आणि आंबटाला तिखट उचलतं, पण २८ चमचे साखर कुठलं आमसूल मारणार, म्हणून जुना रस थोडाच. उरलेला रस फ्रीजरला टाक, पुढच्या वेळी चिंच आणि लाल तिखट घालून आटव आणि भाजलेल्या माशावर लावायला घे. आमच्याकडे कोणी करत नाही असलं, पण तू परदेशात आहेस, चालतं.

आणि एक, नारळाचा गोड रस आपल्याला नवा नाहीच. आमच्याकडे शिरवाळे करतात, तांदळाच्या पिठाच्या शेवया, त्या वाफेच्या गरम गरम नारळाच्या रसात बुडवून खायच्या, रसात गूळ आणि वेलची. खापरोळीबरोबर (जाड जाळीदार घावन) पण तोच रस. पण बघ त्यात गूळ किती घालायचा ते आपल्या हातात असतं, नारळ जून आहे की कोवळा, गूळ चिक्कीचा की साधा, बघून घालतो. डब्यात ते कारखान्यातल्या माणसाने आधीच ठरवून टाकलंय. एवढाच फरक.

डोंबिवली_ते_डॅलस

सुरंगीकाकू, आत्ता केलं! दोन नाही दीड डावच घातला. खाण्यासारखं झालं. सासूबाई म्हणाल्या "आता कालवण म्हणता येईल" 😅

कढीपत्ता, लेबल बघितलं, माझं पण तसंच आहे जवळपास. ॲडेड शुगर म्हणून वेगळी ओळच आहे, ती मी आयुष्यात कधी वाचली नव्हती.

मग शिरवाळ्यांच्या रसासाठी हेच पातळ करून वापरलं तर? नारळी पौर्णिमा येतेय तर नारळीभातात?

खोबरेल_जिंदाबाद

मला कळत नाही एवढी भीती कशाला. नारळ नैसर्गिक आहे, आमची आजी ९१ वर्षं जगली, रोज नारळ खाल्ला, तिला ना शुगर ना बीपी. नारळाची चरबी चांगली असते. बिनधास्त वापरा.

पथ्यपाणी

खोबरेल, आजींना नमस्कार, पण आजी नारळ खायच्या, डबा नाही. आणि एक नारळ फोडून खवून पाट्यावर वाटून सहा-सात माणसांत जायचा, वर आजी दिवसभर उभ्या.

मी डाएटिशियन आहे. कोणाच्या रिपोर्टवर इथे सल्ला देणार नाही, नवऱ्याचं ते डॉक्टरांशीच बोला, पण हिशोब कसा लावायचा तेवढं सांगते.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, ५ टक्क्यांच्या आत ठेवलीत तर आणखी चांगलं. २००० कॅलरींचा आहार धरला तर हे ५० ग्रॅम आणि २५ ग्रॅम होतं. यात गूळ आणि मध पण आले बरं का, "आम्ही साखर नाही खात, गूळ खातो" हे मी दिवसातून चार वेळा ऐकते. आता डब्यातले दोन टेबलस्पून म्हणजे २० ग्रॅम. एका माणसाने ते एकट्याने खाल्ले तर २५ मधले २० तिथेच गेले, चहा अजून व्हायचाय.

चरबीचं म्हणाल तर गंमत आहे. साखरेनेच निम्मी जागा खाल्ल्यामुळे या गोड क्रीममध्ये वजनाच्या मानाने चरबी साध्या डब्यातल्या नारळाच्या दुधापेक्षा उलट कमीच असते. म्हणजे "बिनसाखरेचं आहे" म्हणून नारळाचं दूध वाटीवाटीने ओतलं की संतृप्त चरबी भरपूर जाते. नारळाच्या चरबीतला बहुतेक भाग संतृप्तच असतो, खोबरेल कितीही जिंदाबाद असो. ओल्या खोबऱ्यात निदान चोथा असतो, फायबर मिळतं, क्रीममध्ये ते पण नाही.

घाबरायचं काहीच कारण नाही. जेवणात एका पदार्थात नारळ दाट असेल तर बाकीचं साधं ठेवा. कालवण नारळाचं असेल तर भाजी बिनखोबऱ्याची, कोशिंबीर, ताटात भात थोडा कमी. आणि हे गोड क्रीम वापरायचं असेल तर त्या पदार्थातला गूळ-साखर पूर्ण काढा. 'थोडं वरून' असं करू नका, त्याच 'थोड्या'नेच घात होतो. आणि प्यायच्या गोष्टीत शक्यतो नकोच, ग्लासातून ते कळत पण नाही आणि पोट पण भरत नाही.

खोबरेल_जिंदाबाद

बरं बाई. पण खोबरेल तेल डोक्याला तरी लावू ना?

पथ्यपाणी

डोक्याला हवं तेवढं लावा 😄

ऑर्लँडोची_मावशी

अगं हे आमच्या शेजारणीचं खास! आमच्या गल्लीत निम्मी घरं पोर्तो रिकोची (कॅरिबियनमधलं अमेरिकेचं बेट) आहेत. हा प्रकार मुळात तिकडचाच. लोपेझ इरिझारी म्हणून शेतकीचे प्राध्यापक होते तिथल्या विद्यापीठात, त्यांनी १९४० च्या दशकाच्या शेवटी नारळाची साय काढायचं किचकट काम सोपं केलं आणि साखर घालून ती डब्यात भरली, तेच कोको लोपेझ. मग १९५४ साली सान हुआनच्या कारिबे हिल्टन हॉटेलात अननसाचा रस, रम आणि हे क्रीम घालून पिन्या कोलाडा केलं असं म्हणतात. (त्याच गावातला आणखी एक बार म्हणतो आम्ही केलं, १९६३ मध्ये, तिथे पाटीसुद्धा लावलीय. आपल्याकडे मिसळीवरून भांडतात तसंच.) १९७८ मध्ये ते पोर्तो रिकोचं अधिकृत पेय झालं.

पण ही शेजारीण घरच्या स्वयंपाकात ते धबधबा वापरते असं अजिबात नाही हं. ती नाताळात कोकितो करते, रम आणि दालचिनीचं, छोट्या छोट्या ग्लासात, आणि एरवी तेंब्लेके. तेंब्लेके म्हणजे थरथरणारं. नारळाच्या दुधाची कॉर्नफ्लोअर लावून केलेली खरवसासारखी वडी, बशीत उलटी केली की खरंच हलते, वर दालचिनी. मी तिच्याकडून शिकले आणि साखर कमी करत करत आता अशी करते: बिनसाखरेचं नारळाचं दूध अर्धा डबा, तेवढंच साधं दूध, चार टेबलस्पून कॉर्नफ्लोअर, चिमूट मीठ आणि हे गोड क्रीम फक्त तीन टेबलस्पून, बाकी साखर शून्य. कॉर्नफ्लोअर गार दुधातच कालवून घ्यायचं नाहीतर गुठळ्या. मंद गॅसवर हलवत राहायचं, अचानक घट्ट होतं, तिथे हात थांबवायचा नाही. वाट्यांत ओतून रात्रभर फ्रीजमध्ये. सहा वाट्या होतात. ३० ग्रॅम साखर भागिले सहा, म्हणजे वाटीला चमचाभराच्या जरा वर. आणि चिमूट मीठ विसरू नका, त्यानेच ते गोड लागतं, साखर कमी आहे हे कळतच नाही.

फोंड्याचो

डब्याचो वास मला तरी थोडा बिस्किटासारखा लागतो, ताज्या रसाची सर नाही, हे आधी सांगतो.

पण अननसाचं सासव करा यात. आमच्या घरी गूळ घालतात, तिथे हे चालून जाईल. दोन वाट्या अननसाच्या फोडी थोड्या पाण्यात पाच मिनिटं शिजवायच्या, अननस आंबट असेल तर हे गोड क्रीम एक टेबलस्पून, पिकलेला असेल तर अर्धाच. अर्धी वाटी ओलं खोबरं (फ्रोझन चालतं), दोन-तीन भाजलेल्या सुक्या मिरच्या आणि अर्धा चमचा मोहरी एकत्र वाटायचं, मोहरी अगदी शेवटी घालून दोन फिरे. फोडी कोमट झाल्या की वाटण त्यात. वाटण घातल्यावर उकळायचं नाही, मोहरी कडू होते. आंबट, तिखट, गोड आणि नाकात जाणारी मोहरी, सगळं असतं म्हणून चमचाभर गोडावर भागतं. नुसत्या गोड पदार्थात ते भागत नाही, तिथे जीभ अजून मागते.

मणगण्यात पण चालेल. हरभऱ्याची डाळ, थोडा साबुदाणा, नारळाचा रस, गूळ. गूळ निम्मा करा आणि उतरवताना वासाला दोन चमचे हे. डाळ असल्यामुळे नुसत्या खिरीपेक्षा बरं, पथ्यपाणी बरोबर ना?

पथ्यपाणी

बरोबर. डाळीतलं प्रथिन आणि चोथा असला की तेवढीच साखर जरा हळू चढते. तरी वाटी छोटी.

सुरंगी_मालवण

नारळीभाताचं विचारलं होतंस ते राहिलंच. चालेल पण तांदूळ आधी पूर्ण मोकळा शिजवून घे. तूप-लवंगेवर परतून, पाणी घालून, शीत बोटाने दाबलं तर दबलं पाहिजे. गोड पडलं की तांदूळ पुढे शिजत नाही, मग टणक दाणे चावत बसायचे आणि नारळाला शिव्या. नेहमी वाटीभर तांदळाला वाटीभर गूळ घालतो, तू चार टेबलस्पून हे आणि दोन चमचे गूळ एवढंच घाल, रंगाला केशर. खोबरं मात्र ओलं खवलेलंच घाल, दाताखाली यायला हवं. आमच्या घरच्यांना हा फिका वाटेल पण तुझ्या घरी चालेल.

शिरवाळ्यांच्या रसाला मात्र हे वापरू नको असं माझं स्पष्ट मत. तो रस वाटीभर पितात माणसं. तिथे साधं नारळाचं दूध घे आणि गूळ आपल्या हाताने. आणि ताजं दूध काढलंस तर खळाखळा उकळू नको, फुटतं. पातळ दूध आधी, जाड दूध शेवटी, नुसतं गरम करून उतरव.

कढीपत्ता_जर्सीवाला

साठवायचं राहिलं सगळ्यांच्या बोलण्यात. उघडलेला डबा तसाच फ्रीजमध्ये ठेवू नका, काचेच्या बरणीत काढा. वर पांढरा घट्ट थर आणि खाली पाक असं दिसलं तर खराब झालंय असं समजू नका, नारळाची चरबी २४ अंशांच्या आसपासच गोठते, डॅलसला एसीत पण गोठेल. डबा न उघडता गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवून मग हलवायचा.

मी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवतो. एका खणात माझ्या ट्रेमध्ये दोन टेबलस्पून बसतं, म्हणजे एक खडा म्हणजे २० ग्रॅम साखर, मोजायची भानगडच नाही. साखर जास्त असल्यामुळे दगडासारखं गोठत नाही, सुरीने अर्धा खडा सहज कापता येतो. घरच्या थाई करीत ताडगूळ सांगतात तिथे अर्धा खडा, चौघांच्या करीला, बाकी बिनसाखरेचं दूध, लिंबू भरपूर. सकाळी ओट्समध्ये पाव खडा आणि मूठभर बदाम. झालं.

आणि संपल्यावर परत विकत आणू नका, वासच हवा असेल तर घरी करा. ४०० मिलीचा नारळाच्या दुधाचा डबा, १०० ग्रॅम साखर, चिमूट मीठ, मंद गॅसवर साखर विरघळेपर्यंत. विकतच्यापेक्षा साखरेचं प्रमाण निम्म्याहून कमी पडतं. पातळ असतं पण स्वयंपाकाला काय फरक पडतो, आपल्याला काय त्याचं कॉकटेल करायचंय? (करायचं असेल तर मला बोलवा.)

डोंबिवली_ते_डॅलस

मंडळी, अपडेट.

सासव केलं काल. पहिल्यांदा मोहरी जास्त झाली, नवऱ्याच्या डोळ्यातून पाणी आलं, पण त्यानेच दुसऱ्यांदा घेतलं. एक टेबलस्पून क्रीम घातलं होतं, पाच जणांत. तेंब्लेके पण केलं, हललं! एक वाटी बशीत उलटी करताना अर्धी ओट्यावर पडली ती मी चमच्याने तिथल्या तिथे खाल्ली, ती मोजत नाही.

दीड डबा ट्रेमध्ये गोठवला, १७ खडे झाले. नवरा विचारत होता की रोज एक खडा का नाही, त्याला पथ्यपाणींची पोस्ट वाचायला दिली, आता गप्प आहे.

आज सकाळी कपाट उघडलं तर उरलेले दोन्ही डबे साखरेच्या डब्याशेजारी होते, आणि दोन्हींवर काळ्या मार्करने सासूबाईंच्या अक्षरात मोठ्ठं लिहिलेलं, "साखर. कालवणात घालू नये."

यातला एक डबा कोणाला हवा असेल तर प्लेनो-फ्रिस्को साइडला राहणाऱ्यांनी मेसेज करा, घेऊन जा. लेबलसकट मिळेल.

ऑर्लँडोची_मावशी

मार्करवाल्या लेबलसकट असेल तर मी ऑर्लँडोहून येते 😂